नाच उभा राहतो तो असा: ज्याँ रेन्वार यांचा ‘फ्रेंच कॅनकॅन’

१९५५ च्या ‘फ्रेंच कॅनकॅन’ या चित्रपटाचं नाव एका नाचाचं आहे, आणि तो नाच पुरता पाहायला मिळतो तो अगदी शेवटी. तोवर दिग्दर्शक ज्याँ रेन्वार आपल्याला जप्ती, जागेचे व्यवहार, मत्सर, तालमी आणि बांधकाम दाखवत राहतात. पहिल्यांदा पाहताना माणूस अस्वस्थ होतो. रंग सुंदर आहेत, गाणी गोड आहेत, पात्रं हसवतात, पण ज्यासाठी आलो ते कुठे आहे? मला वाटतं, या चित्रपटाचं सगळं मर्म त्या उशिरातच आहे. रंगमंचावरची दहा मिनिटांची मजा उभी करायला किती पैसा, किती भांडणं आणि किती दुखरे पाय लागतात, हे आधी पाहा आणि मग नाच पाहा, असा रेन्वार यांचा आग्रह आहे.

हे नीट कळायला कथा घडते त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पॅरिसमधला करमणुकीचा धंदा थोडा समजून घ्यायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या सामान्य माणसाची गाणं ऐकायची जागा म्हणजे काफे-काँसेर. टेबलाशी बसायचं, काहीतरी प्यायला मागवायचं, आणि गाण्याचे पैसे त्या पेयाच्या चढ्या भावातून वसूल व्हायचे. नाटकगृहांचं गिऱ्हाईक पळू नये म्हणून या काफेंवर सरकारी बंधनं होती. गायकांनी वेशभूषा करायची नाही, नाचायचं नाही, नाटुकली करायची नाहीत. १८६७ मध्ये ही बंधनं सैल झाली आणि या जागा झपाट्याने बदलल्या. कसरतपटू आले, विदूषक आले, नर्तकी आल्या. इंग्लंडातली म्यूझिक हॉलची कल्पनाही याच सुमारास रुजू लागली: मोठं सभागृह, दारात तिकीट, आणि आत एकामागून एक निरनिराळे कार्यक्रम, ज्यांना तिथले लोक ‘नंबर’ म्हणतात. १८६९ मध्ये सुरू झालेलं ‘फॉली बेर्जेर’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. तिथे प्रेक्षक खुर्चीला खिळून बसत नसे. मागच्या मोकळ्या जागेत हिंडायचं, गप्पा मारायच्या, प्यायचं, आवडता नंबर आला की पुढे सरकायचं. अशा प्रेक्षकाला काही क्षण एका जागी थांबवणं हीच तिथल्या कलावंताची परीक्षा असे.

आता माँमार्त्र. ही टेकडी १८६० पर्यंत पॅरिसच्या हद्दीबाहेर होती. शहराच्या वेशीवर दारूवर जकात लागायची, वेशीबाहेर ती स्वस्त मिळायची, म्हणून रविवारी लोक वर चढून जायचे. पवनचक्क्या, जिप्समच्या खाणी, द्राक्षांचे मळे आणि धोबिणींच्या वस्त्या असा हा भाग होता. शहराच्या मध्यात रुंद रस्ते पाडले गेले तेव्हा हुसकावलेली गरीब माणसंही इकडे आली. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा उठाव पेटला तो इथूनच. त्यामुळे पुढच्या वीसेक वर्षांत पॅरिसच्या श्रीमंतांच्या मनात माँमार्त्रविषयी भीती होती आणि ओढही होती. तिथे जावंसं तर वाटायचं, पण पाकीट मारलं जाऊ नये, कपडे मळू नयेत आणि ओळखीचं कुणी भेटलंच तर ते आपल्याच बरोबरीचं असावं, ही इच्छाही असायची.

चित्रपटाचा नायक आंरी डांग्लार हे बरोबर हेरतो. ज्याँ गाबाँ यांनी केलेला हा डांग्लार करमणूकगृहाचा चालक आहे, पण त्याच्या नावावर फारसं काही नाही. त्याच्या ‘चिनी पडदा’ नावाच्या काफे-काँसेरमध्ये पैसा एका बॅरनचा, आणि सगळा डोलारा त्या बॅरनच्या मर्जीवर उभा. तिथली मुख्य नर्तकी लोला हिच्याशी डांग्लारचं सूत आहे, बॅरनही तिच्यावर लुब्ध आहे. मेक्सिकोच्या नामांकित अभिनेत्री मारिया फेलिक्स यांनी लोला अशी काही रंगवली आहे की ती रागावली की पडद्यावरची माणसं आपोआप बाजूला होतात. एका रात्री ही सगळी मंडळी गंमत म्हणून माँमार्त्रच्या ‘ला रेन ब्लाँश’ या साध्या नाचघरात जातात. तिथे डांग्लारला नीनी भेटते. धोबीकाम करणारी, पावाच्या दुकानातल्या पाउलोवर प्रेम करणारी पोर. ती नाचते तेव्हा तिच्यात जो जोर दिसतो, तो डांग्लारच्या डोळ्यांना लगेच ‘धंद्याचा’ वाटतो.

त्याचा बेत असा: ला रेन ब्लाँश विकत घ्यायचं, पाडायचं, तिथे ‘मुलाँ रूज’ ही झगझगीत नवी वास्तू बांधायची आणि एकेकाळी गाजून मागे पडलेला कॅनकॅन तिथे परत आणायचा. श्रीमंताला हवी असलेली माँमार्त्रची धुंदी मिळेल, पण मऊ खुर्ची आणि शँपेनसह. नाचाचं नावही तो विचार करून ठरवतो. त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्रजी धर्तीच्या नावांची फॅशन होती, म्हणून ‘फ्रेंच कॅनकॅन’.

इथून पुढे जो गोंधळ उडतो त्यात विनोद भरपूर आहे, पण प्रत्येक विनोदाच्या मुळाशी पैसा आहे, हे ध्यानात ठेवून पाहिलं तर चित्रपट वेगळाच दिसतो. कोनशिलेच्या समारंभाला मंत्री आलेले, झेंडे लावलेले, आणि लोला व नीनी एकमेकींच्या झिंज्या धरतात. बघता बघता सगळी गर्दी मारामारीत उतरते, पाउलो मत्सराने डांग्लारला पायाच्या खड्ड्यात ढकलतो आणि त्याचा पाय मोडतो. खदखदून हसवणारा प्रसंग आहे. पण त्याच्या पाठोपाठ बॅरन हात आखडता घेतो आणि काम बंद पडतं. मग नीनीच्या प्रेमात पडलेला एक परदेशी राजपुत्र पैसे घालतो आणि काम पुन्हा सुरू होतं. म्हणजे मोठा खेळ उभा राहतो तो कुणाच्या तरी हव्यासावर किंवा कुणाच्या तरी एकतर्फी प्रेमावर. डांग्लारला हे पुरतं ठाऊक आहे आणि तो ते वापरतो. रेन्वार त्याला खलनायक करत नाहीत, संतही करत नाहीत.

डांग्लार माणसं कशी जमवतो, तो भाग मला सगळ्यात आवडतो. जप्ती करायला आलेल्या मंडळींतला कासिमीर हा लांबलचक, हाडं नसल्यासारखा माणूस गाता गाता अंग असं वळवतो की डांग्लार त्याला तिथेच कामावर घेतो. एक शीळ वाजवणारा तरुण भेटतो, तो पियेरोच्या, म्हणजे फ्रेंच मूकनाट्यातल्या विदूषकाच्या, पांढऱ्या वेशात कार्यक्रमात येतो. खिडकीत उभी राहून गाणारी एस्तेर त्याच्या कानावर पडते आणि नवी गायिका मिळते. या सगळ्यांत आधीच काहीतरी होतं. ते दिसायला एक नजर लागते, आणि दिसल्यावर त्याला वेळ, वेश, दिवा आणि नेमकी जागा द्यावी लागते. म्यूझिक हॉलच्या चालकाचं काम ते हेच. तो स्वतः गात नाही, नाचत नाही. सगळा फड मात्र त्याच्या नजरेवर उभा असतो.

एस्तेरच्या तोंडी असलेलं ‘टेकडीचं विलापगीत’ आजही फ्रान्समध्ये गायलं जातं. शब्द खुद्द रेन्वार यांचे, चाल जॉर्ज व्हान पारीस यांची, आणि पडद्यामागचा आवाज कोरा व्होकेर यांचा. माँमार्त्रच्या पायऱ्या, चंद्र आणि रस्त्यावरची गरीब पोर, एवढ्यावर ते गाणं उभं आहे. चित्रपटातल्या एवढ्या धांदलीत ते आलं की सगळं क्षणभर स्थिर होतं.

आता नाचाकडे येऊ. कॅनकॅन जन्मला १८३० च्या आसपास, कामगारवर्गाच्या नाचघरांत. क्वाड्रिल नावाचा शिस्तीचा सामूहिक नाच असे, त्याच्या शेवटच्या फेरीत पोरं आपापल्या परीने उड्या मारू लागली, पाय उंच फेकू लागली. सुरुवातीला त्यात पुरुषही तितकेच होते. पोलिसांना तो असभ्य वाटायचा. पुढे तरबेज नर्तकींनी त्याला कसरतीचं रूप दिलं. एक पाय घोट्याशी धरून डोक्याच्या उंचीला न्यायचा आणि दुसऱ्या पायावर गोल फिरायचं. गुडघा वर उचलून पोटरी भोवऱ्यासारखी फिरवायची. हातावर तोलून चक्राकार कोलांटी घ्यायची. आणि शेवटी हवेत उडी मारून दोन्ही पाय विरुद्ध दिशांना फाकवत सरळ जमिनीवर बसायचं. हे सगळं वेगवान दोन मात्रांच्या तालावर, लेस लावलेल्या घोळदार परकरांचं ओझं सांभाळत आणि चेहऱ्यावर हसू ठेवून. आज कॅनकॅन म्हटलं की कानात वाजते ती संगीतकार ऑफेनबाख यांच्या १८५८ च्या एका ऑपेरेटामधली, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकातली, चाल. तो नाच मात्र त्या चालीपेक्षा जुना आहे.

चित्रपटात नीनी आणि तिच्या सोबतिणींना हे शिकवते गिबोल नावाची म्हातारी नर्तकी. तालीमखान्यातले ते प्रसंग पाहताना एदगार देगा यांची बॅले-तालमीची चित्रं आठवल्याशिवाय राहत नाहीत: तोच पिवळसर उजेड, दांड्याला धरून ताणलेले पाय, थकून वाकलेल्या पाठी. पोरी कळवळतात, गिबोल दाबत राहते. धोबीकामात बारा तास राबणाऱ्या मुलींना इथे सुटका दिसते, पण सुटकेच्या नावाखाली आणखी एक राबणंच वाट्याला येतं, आणि रेन्वार ते झाकत नाहीत. विनोदाला धरून आणखी एक कडवट सत्य येतं. नाचाच्या नोकरीबरोबर मालकाची मर्जी सांभाळणं आलंच, असं नीनी आणि तिचे लोक गृहीत धरतात. कुणालाही त्यात नवल वाटत नाही. त्या काळातल्या रंगमंचावरच्या स्त्रीकडे समाज कसा पाहत होता, हे एवढ्यात कळतं.

या कथेतलं खरं किती? खरं मुलाँ रूज ६ ऑक्टोबर १८८९ रोजी उघडलं. आयफेल टॉवर आणि जागतिक प्रदर्शनाचं तेच वर्ष, त्यामुळे शहर परदेशी पाहुण्यांनी भरलेलं होतं. ते ला रेन ब्लाँशच्याच जागी उभं राहिलं, इतकं चित्रपटातलं बरोबर आहे. चालक दोघे होते, शार्ल झिडलेर आणि जोझेफ ओलेर. डांग्लार मुख्यतः झिडलेर यांच्यावर बेतलेला. ओलेर यांचं डोकं तर विलक्षणच होतं. घोड्यांच्या शर्यतीवर सगळ्यांच्या पैजांचा पैसा एकत्र करून वाटण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली ती त्यांचीच, आणि १८९३ मध्ये ‘ऑलिंपिया’ हे म्यूझिक हॉलही त्यांनीच काढलं. मुलाँ रूजच्या बागेत हत्तीचा एक भलामोठा पुतळा उभा असे. १८९२ पासून जोझेफ पुजोल नावाचा मार्सेयचा कलावंत तिथे पोटातला वारा सोडून सूर काढायचा आणि लोक हसून बेजार व्हायचे.

सुरुवातीच्या मुलाँ रूजमध्ये नर्तकी नाचायच्या ते मधल्या मोकळ्या फरशीवर, प्रेक्षकांच्या घोळक्यात. ला गुल्यू या नावाने गाजलेली लुईझ वेबेर पायाच्या टोकाने समोरच्या सद्गृहस्थाची टोपी उडवायची, ते याच जवळिकीमुळे. तिचा जोडीदार ‘हाडं नसलेला’ वालांतँ, चित्रपटातला कासिमीर त्याचीच आठवण करून देतो. दोघांना चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी १८९१ च्या पोस्टरवर अमर केलं. ‘नीनी’ हे नावही तिथल्या एका खऱ्या नर्तकीचं, जी पुढे कॅनकॅनची शाळाच चालवत असे. चित्रपटात एदिथ पियाफ आणि पाताशू काही क्षणांपुरत्या येतात, त्या अनुक्रमे युजेनी ब्युफे आणि ईव्हेत गिल्बेर या त्या काळच्या खऱ्या गायिकांच्या भूमिकेत. १९५० च्या दशकातल्या फ्रेंच प्रेक्षकाला तिथे दोन पिढ्यांचं गाणं एकदम भेटलं असणार.

रेन्वार हा चित्रपट करत होते तेव्हा साठीला टेकले होते. १८९४ मध्ये माँमार्त्रमध्येच त्यांचा जन्म झाला. वडील प्येर-ऑग्युस्त रेन्वार यांनी त्याच टेकडीवरच्या नाचघराचं जगप्रसिद्ध चित्र १८७६ मध्ये काढलेलं. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्यावर ज्याँ अमेरिकेत गेले, आणि १९३९ नंतर फ्रान्समध्ये त्यांनी पूर्ण केलेला पहिला चित्रपट हाच. मधल्या काळात त्यांनी आपला पहिला रंगीत चित्रपट बंगालमध्ये, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी केला होता. तरुण सत्यजित राय तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रीकरणाची ठिकाणं शोधत हिंडले होते. रंग हे कथेचं अंग कसं होतं, याचा सराव रेन्वार यांना तिथे झाला, आणि ‘फ्रेंच कॅनकॅन’मध्ये तो पिकलेला दिसतो. यातलं माँमार्त्र सगळं स्टुडिओत उभारलेलं आहे. मॅक्स डुई यांच्या नेपथ्यातल्या पायऱ्या आणि भिंती रंगवलेल्या आहेत हे लपत नाही, लपावं अशी इच्छाही नाही. वडिलांच्या चित्रातलं, लहानपणी ऐकलेलं, आता उरलेलं नसलेलं माँमार्त्र त्यांना हवं होतं. ते कॅमेऱ्यासमोर हुबेहूब सापडलं नसतं.

गाबाँ यांची निवड तर याहून नेमकी. त्यांचे आईवडील काफे-काँसेरचे कलावंत, ‘गाबाँ’ हे वडिलांचं रंगमंचावरचं नाव. ते स्वतः १९२० च्या दशकात फॉली बेर्जेरमध्ये आले, पुढे खुद्द मुलाँ रूजमध्ये गाजलेली गायिका-नर्तकी मिस्तँगेत हिच्याबरोबर गायले-नाचले. त्यामुळे डांग्लार रंगमंचामागे वावरतो तेव्हा तो दोर, तो पडदा, ती घाई सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं दिसतं.

आता शेवट. उद्घाटनाची रात्र, घर खच्चून भरलेलं, आणि नीनीला कळतं की डांग्लारचं लक्ष आता एस्तेरकडे वळलंय. ती खोलीत कोंडून घेते: तो फक्त माझा असेल तरच नाचेन. डांग्लार सुरुवातीला समजूत घालतो आणि मग भडकतो. पिंजऱ्यात राहणारा कुणी हवा असेल तर पाळीव पक्षी शोध, आपण घडवतो त्यापलीकडे आपल्याला काहीच महत्त्वाचं नाही, आणि प्रेक्षकांची चाकरी करायची नसेल तर तू आमच्यातली नव्हेस, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. नीनी ऐकते, आणि बाहेर येते. मग पोरी येतात त्या चहूबाजूंनी. भिंतीवरची पोस्टरं फाडून, दोरावरून घसरत, सज्जांतून उड्या मारत, गर्दीला बाजूला सारत. आतापर्यंत आवरून ठेवलेले सगळे रंग एकदम फिरू लागतात. डांग्लार पडद्यामागे खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकतो, पाय ताल धरतो, हात हवेत हलतात. आपल्याला तोवर ठाऊक झालेलं असतं की यातली कुठली पोर कोणत्या दुखण्यातून उभी राहिली आहे आणि फरशीखाली कुणाचा पैसा पुरला आहे, म्हणून तो नाच पाहताना उर भरून येतो. आधी दाखवला असता तर तो छान दिसला असता, इतकंच.

तरी डांग्लारच्या त्या भाषणाशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. रेन्वार त्याच्या बाजूने झुकतात हे उघड आहे. आयुष्यभर चित्रपटासाठी माणसं जमवलेल्या दिग्दर्शकाला ते साहजिक आहे. पण किंमत कोण मोजतं? चित्रपटातच रस्त्यावर भीक मागणारी प्रूनेल भेटते, एकेकाळची कॅनकॅनची राणी. डांग्लार तिला आदराने पैसे देतो आणि पुढे जातो. खऱ्या ला गुल्यूचं आयुष्य याहून फार वेगळं गेलं नाही. १८९५ मध्ये तिने मुलाँ रूज सोडून जत्रेत स्वतःचा तंबू टाकला. त्याच्या दर्शनी बाजूची चित्रं लोत्रेक यांनी रंगवून दिली, ती आता ओर्से संग्रहालयात आहेत. तंबू चालला नाही. ती काही काळ हिंस्र प्राण्यांचे खेळ करत होती, दारूच्या आहारी गेली, आणि १९२९ मध्ये गरिबीतच वारली. तिला पॅरिसबाहेर पांताँ इथे पुरलं होतं. १९९२ मध्ये तिचे अवशेष माँमार्त्रच्या स्मशानभूमीत आणले गेले, आणि तिथल्या दगडावर तिच्या नावाखाली लिहिलेलं आहे: फ्रेंच कॅनकॅनची निर्माती. चित्रपटाने हे श्रेय चालकाला दिलं आहे, दगडाने नर्तकीला. मला दगडाचं म्हणणं अधिक पटतं.